प्रकल्प नोंदी: ग्लुटेन आणि धाकटीचं मन

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून ही वही. प्रश्न एकच आहे: गहू सोडल्यापासून धाकटीचं मन थाऱ्यावर आलं, ते ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन, बंद झाल्यामुळे की दुसऱ्या कशामुळे?

थोडं मागचं. तीन वर्षं तिची नैराश्याची औषधं चालू आहेत. त्याआधीपासून पोट फुगणं, थकवा, आणि ती ज्याला ‘डोक्यात धुकं’ म्हणते ते. गेल्या ऑगस्टमध्ये तिने आपणहून गहू, बार्ली, राय ही ग्लुटेन असलेली सगळी धान्यं बंद केली. दोन आठवड्यांत पोट हलकं झालं, महिनाभरात ती सकाळी वेळेवर उठायला लागली. आई म्हणते, औषधांना आता कुठे गुण येतोय. धाकटी म्हणते, ग्लुटेन हेच मूळ होतं.

वाद एवढ्यावर राहिला असता तर वही उघडली नसती. काल रात्री ती म्हणाली, “ताई, कारण सापडलंय ना, मग गोळ्या कशाला घेऊ?” मला झोप लागली नाही.

शेवटी तिनेच एक अट मान्य केली. छडा लागेपर्यंत गोळ्यांना हात लावायचा नाही, आणि जे काही करू ते तिच्या मनोविकारतज्ज्ञांना सांगून करू.

१२ जानेवारी

पोटविकारतज्ज्ञांकडे जाऊन आलो. त्यांचा पहिला प्रश्न: “गहू सोडण्याआधी सिलिॲकची तपासणी केली होती का?” केली नव्हती. ते रागावले नाहीत, पण क्षणभर पेन खाली ठेवलं.

सिलिॲक हा स्वयंप्रतिकार आजार आहे. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आणि अन्न शोषून घेणारे रसांकुर झिजून सपाट होतात. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो आणि अनेकांना पत्ताही नसतो. रक्तातली टीटीजी-आयजीए प्रतिपिंडं पाहून त्याचा सुगावा लागतो, पण त्यासाठी माणूस ग्लुटेन खात असावा लागतो. खाणं थांबलं की प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून येऊ लागतं, आणि आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. तिचे पाच महिने नेमके तसेच गेलेत.

मनाशी याचा संबंध काय, हेही विचारलं. आतडं नीट शोषत नसलं की लोह, फोलेट, ब-१२ कमी पडतं, आणि यातलं काहीही कमी पडलं तरी थकवा आणि उदासी येऊ शकते. शिवाय शरीरात सतत धुमसणारा दाह मेंदूलाही सोडत नाही. स्वीडनमध्ये सिलिॲक असलेल्या १०,९०३ मुलांच्या नोंदी तपासल्या, तर इतर मुलांपेक्षा मनोविकारांचा धोका १.४ पट आढळला. हा अभ्यास २०१७ चा. म्हणजे तिची शंका हवेतली नाही. ती शंका तपासण्याचा क्रम मात्र चुकला.

जनुकांची चाचणी द्यायची ठरली. पथ्य चालू असलं तरी त्या चाचणीला अडचण येत नाही. डीक्यू-२ आणि डीक्यू-८ दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ बाद होतो.

१९ जानेवारी

अहवाल यायचाय. आठवडाभर वाचत बसले. ही कल्पना नवी नाही, हे पाहून चकित झाले.

फ्रान्सिस कर्टिस डोहान या अमेरिकी डॉक्टरांनी १९६६ मध्ये दुसऱ्या महायुद्धातले आकडे मांडले. पाच देशांत गव्हाचा खप किती बदलला आणि स्किझोफ्रेनियासाठी रुग्णालयात दाखल होणारे किती बदलले, याची सांगड त्यांनी घातली. दोन्ही आकडे बरोबरीने हलताना त्यांना दिसले. पण युद्धात काय बदलत नाही? माणसं घरी असतात का, खाटा मोकळ्या असतात का, दाखल कोणाला करतात, सगळंच. डोहान यांनाही याची जाणीव असावी, कारण लेखाला त्यांनी प्राथमिक अहवाल म्हटलं आणि नंतर प्रत्यक्ष रुग्णांना धान्य आणि दूध वगळून आहार देऊन पाहिला. त्यांचा चिवटपणा मला आवडला.

त्याच युद्धकाळात नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके सिलिॲकच्या मुलांकडे पाहत होते. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला आणि ही मुलं उलट सुधारली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. त्यांनी पुढे मोजमाप करून तो सिद्ध केला आणि १९५० मध्ये प्रबंध मांडला. एकाच युद्धातून, एकाच धान्यावरून दोन निष्कर्ष निघाले. एक पक्का ठरला, दुसरा साठ वर्षं अधांतरी आहे. डिके यांनी त्याच मुलाला गहू देऊन, काढून, पुन्हा देऊन पाहिला. फरक तिथे पडला. आपल्यालाही तेच करावं लागेल.

डोहान यांच्या कल्पनेतलं काहीतरी टिकलं आहे हेही लिहून ठेवते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णगटाचं रक्त तपासलं, तेव्हा स्किझोफ्रेनिया असलेल्या २३.१ टक्के लोकांत ग्लायाडिनविरोधी प्रतिपिंडं सापडली, तुलनेच्या गटात ३.१ टक्के. ग्लायाडिन हा ग्लुटेनचाच एक भाग. फरक मोठा आहे. पण धाकटीचा आजार तो नाही, आणि तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

२ फेब्रुवारी

डीक्यू-२ आहे. याचा अर्थ सिलिॲक आहे असा नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. तीस ते चाळीस टक्के लोकांत ही जनुकं असतात आणि त्यातल्या फार थोड्यांना आजार होतो. पण आता बाद करता येत नाही. रक्त तपासायचं तर काही आठवडे पुन्हा गहू खावा लागेल.

धाकटी रडली. “पुन्हा त्या खड्ड्यात ढकलताय मला.” मी काही बोलले नाही. संध्याकाळी तिने स्वतःच पावाच्या दोन चकत्या घेतल्या आणि माझ्यासमोर बसून खाल्ल्या.

१ मार्च

चार आठवडे झाले आणि ती खरोखरच खचली आहे. पोट फुगतं, झोप तुटते, दुपारी अंधार करून पडून राहते. मनोविकारतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी दर आठवड्याला नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली भरून पाठवायला सांगितलं आणि एक रेघ आखून दिली. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. त्यात शून्याखेरीज काहीही आलं तर सगळं थांबवून त्याच दिवशी त्यांना गाठायचं. आत्तापर्यंत शून्य आहे.

आई म्हणाली, “बघ, खरंच ग्लुटेनच आहे.” आता बाजू बदलून ती धाकटीकडे झाली आहे.

मला खात्री नाही. ती काय खातेय हे तिला दिसतंय. लीड्स आणि मास्ट्रिख्टमधल्या संशोधकांचा २०२४ मध्ये छापून आलेला प्रयोग वाचला. आपल्याला ग्लुटेन सोसत नाही असं सांगणाऱ्या, पण सिलिॲक नसलेल्या लोकांना पाव दिला. काहींना ‘यात ग्लुटेन आहे’ असं सांगितलं, काहींना ‘नाही’ असं, आणि पावात प्रत्यक्ष काय आहे ते या सांगण्याशी जुळेलच असं नव्हतं. सर्वांत जास्त त्रास झाला तो सांगून ग्लुटेन दिलेल्या गटाला. तेच ग्लुटेन ‘नाही’ असं सांगून दिलं, तेव्हा त्रास बराच कमी. धास्तीने दुखणं म्हणजे सोंग करणं नव्हे. पोट आणि मेंदू एकाच मज्जातंतूंच्या जाळ्याने बांधलेले आहेत. धास्तीने आतडं खरोखर आखडतं.

हे तिला आत्ता सांगायचं नाही. आत्ता ऐकलं तर तिला वाटेल, मी तिला खोटं पाडतेय.

४ एप्रिल

सात आठवडे गहू खाऊन रक्त दिलं. टीटीजी-आयजीए सामान्य. आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार; तो एकूणही पुरेसा आहे. हे पाहणं गरजेचं, कारण ज्यांच्यात आयजीएच कमी असतं त्यांच्यात पहिली चाचणी फसते. गव्हाची ॲलर्जीही नाही. डॉक्टरांनी दुर्बिणीने आतड्याचे तुकडेही घेतले होते. रसांकुर उभे, शाबूत. सिलिॲक नाही.

एक गोष्ट मात्र निघाली, जी कोणाच्याच डोक्यात नव्हती. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेला आहे. आजपासून लोहाच्या गोळ्या. गहू पुन्हा बंद, कारण पुढच्या प्रयोगाआधी पोट शांत व्हायला हवं.

उरला तो सिलिॲकशिवायचा ग्लुटेनचा त्रास. त्याला कुठलीही रक्तचाचणी नाही. न सांगता देऊन बघणं एवढाच मार्ग आहे.

६ एप्रिल

आराखडा ठरवण्याआधी तीन प्रयोग शेजारी शेजारी ठेवून वाचले.

ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये २२ जणांना तीन-तीन दिवस आळीपाळीने ग्लुटेन, दुधातलं व्हे प्रथिन आणि काहीच नसलेलं अन्न दिलं. कुठे काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पोटाच्या त्रासात फरक पडला नाही, पण ग्लुटेनच्या दिवसांत उदासीचे गुण वाढले. धाकटीच्या बाजूने याहून जवळचा पुरावा मला दिसला नाही.

मेरीलँडमध्ये २०१९ मध्ये स्किझोफ्रेनिया आणि ग्लायाडिनविरोधी प्रतिपिंडं दोन्ही असलेल्या १६ जणांना पाच आठवडे रुग्णालयात ठेवून ग्लुटेनमुक्त आहार दिला. निम्म्यांच्या पेयात ग्लुटेनची पूड होती, निम्म्यांच्या तांदळाचं पीठ. ग्लुटेन न मिळालेल्यांची मरगळ आणि अलिप्तपणा थोडा उणावला. गट लहान आहे, पण कोणाला काय मिळतंय हे चोख लपवलेलं.

तिसरा ऑस्लोचा, २०१८ चा. तो वाचून मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. गव्हात ग्लुटेनखेरीज फ्रुक्टान नावाची कर्बोदकं असतात. आपल्याला ती पचवता येत नाहीत. मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात आणि वायू धरतो. कांद्यात आणि लसणीतही तीच. ५९ जणांना सात-सात दिवस तीन प्रकारच्या वड्या दिल्या: ग्लुटेनच्या, फ्रुक्टानच्या आणि दोन्ही नसलेल्या. सर्वांत जास्त त्रास २४ जणांना फ्रुक्टानने झाला, २२ जणांना काहीच नसलेल्या वडीने आणि १३ जणांना ग्लुटेनने. हे सगळे आपल्याला ग्लुटेन सोसत नाही असं मानून गहू सोडलेले लोक होते.

आपलाही असाच तीन डब्यांचा प्रयोग. मात्रा तीच: रोज ५.७ ग्रॅम ग्लुटेन किंवा २.१ ग्रॅम फ्रुक्टान. सात दिवस खायचं, सात दिवस विश्रांती. प्रत्येक प्रकार दोनदा, म्हणजे सहा फेऱ्या. क्रम चिठ्ठ्या टाकून. मावशी औषधनिर्माती होती, मोजमापात तिचा हात पक्का. डबे ती भरणार आणि क्रम पाकिटात बंद करून स्वतःकडे ठेवणार. मला किंवा धाकटीला काहीच कळणार नाही. दोन्ही डॉक्टरांना आराखडा दाखवला. मनोविकारतज्ज्ञांनी रोज रात्री शून्य ते दहामध्ये तीन आकडे टाकायला सांगितले: उदासी, पोट, धुकं.

१३ एप्रिल

आज ग्लुटेन डोळ्यांनी पाहिलं.

मावशीने गव्हाच्या पिठाचा घट्ट गोळा मळला, अर्धा तास ठेवला आणि नळाच्या बारीक धारेखाली दाबत धुवायला घेतला. पहिल्यांदा पाणी दुधासारखं पांढरं आलं, मग फिकट होत गेलं. पंधरा-वीस मिनिटांनी तिच्या हातात करडा, चिवट, रबरासारखा लगदा उरला. ताणला की ताणला जाई, सोडला की आखडे. बोलोन्यात बेकारी यांनी १७२८ मध्ये असाच गोळा धुऊन ग्लुटेन वेगळं केलं होतं, असं मावशीने सांगितलं. धाकटीने तो लगदा बोटांत धरला, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “हाच तो.” पांढरं पाणी मोरीतून वाहून गेलं.

नमुन्याची बिस्किटं मात्र फसली. तांदळाच्या पिठात ग्लुटेनची पूड घालून भाजलेली बिस्किटं दाताखाली ओढली जात होती. दोघींनी पहिल्याच घासात ओळखली. असं झालं तर प्रयोगाला काही अर्थच राहत नाही.

२० एप्रिल

मावशीने युक्ती काढली. पाणी घालण्याआधी पीठ आणि पूड लोण्यात नीट चोळून घेतली. लोण्याचा थर बसला की ग्लुटेनला पाणी मिळत नाही, धागे जुळत नाहीत आणि बिस्कीट खुसखुशीत होतं. फ्रुक्टानची पूड किंचित गोड, म्हणून त्यात साखर कमी. सगळ्यांत कोको. ग्लुटेनच्या पुडीत तीन चतुर्थांशाच्या आसपासच प्रथिन असतं, म्हणून ५.७ ग्रॅम मिळवायला तिने साडेसात ग्रॅम पूड धरली. रोज चार बिस्किटं.

तीन बशा, तिघीचौघींनी चाखल्या. कोणालाच ओळखता आलं नाही.

२७ एप्रिल

पहिला डबा उघडला.

१७ मे

दुसरी फेरी आज संपली. वाईट गेली. उदासीचे आकडे सहाच्या वर, पीएचक्यू-९ आधीपेक्षा चार गुणांनी जास्त, नववा प्रश्न शून्य. धाकटीने वहीत ठळक लिहिलं: “हे ग्लुटेन आहे. पैजेवर सांगते.” मलाही तसंच वाटतंय. पाकीट मागायचा मोह होतोय.

१४ जून

चौथी संपली. तिच्या कामावर मध्येच दोन दिवस मोठी कटकट झाली, ती समासात नोंदवली आहे. मनाचा प्रयोग बंद खोलीत होत नाही. म्हणूनच प्रत्येक प्रकार दोनदा घेतोय. लोहाचाही परिणाम हळूहळू दिसत असावा, जिने चढताना ती आता थांबत नाही. तोही सगळ्या फेऱ्यांवर पसरलेला आहे, शेवटी हे लक्षात ठेवायला हवं.

२० जुलै

पाकीट फोडलं. मावशीने वाचलं, मी आकड्यांसमोर नावं लिहीत गेले.

ग्लुटेन पहिल्या आणि पाचव्या फेरीत होतं. त्या दोन्ही आठवड्यांची उदासी विश्रांतीच्या आठवड्यांसारखीच. पाचव्या फेरीत तर ती मैत्रिणीकडे राहून आली होती आणि वहीत ‘छान आठवडा’ असं लिहिलं होतं.

फ्रुक्टान तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत. पोटाचा आकडा दोन्ही वेळा सगळ्यांत वर, सात-आठ. उदासी आणि धुकं पोटामागून एक-दोन दिवसांनी वाढलेलं, आणि त्याआधीच्या रात्री झोप तुटलेली.

दुसरी फेरी, पैजेची, नुसत्या तांदळाच्या पिठाची होती.

खोलीत कोणी बोललं नाही. मग धाकटीने विचारलं, “म्हणजे मी तीन महिने आणि त्याआधीचं सगळं मनाचंच काढलं?” हाच प्रश्न येणार हे मला मार्चपासून ठाऊक होतं, तरी उत्तर पाठ करून ठेवलं नव्हतं. मी तिला पोटाची रेघ दाखवली. फ्रुक्टानच्या दोन्ही आठवड्यांत तिला काय खातेय ते माहीत नव्हतं, तरी आकडा चढला. गहू सोडल्यावर पोट हलकं झालं ते खरंच होतं, कारण गव्हाबरोबर फ्रुक्टानही गेलं. पोट शांत, म्हणून झोप लागली. झोप लागली, म्हणून मन सावरलं. तिचं निरीक्षण बरोबर होतं, नाव चुकलं. आणि दुसऱ्या फेरीचा त्रासही तिने सोसलेला आहे. तो पिठाचा नव्हता, धास्तीचा होता, पण दुखलं तिलाच.

मग मावशी हळूच म्हणाली, “त्या दिवशी गोळा धुतला ना, फ्रुक्टान पाण्यात विरघळतं. तू हातातल्या लगद्याकडे बघत होतीस, आणि ते मोरीतून वाहून गेलं.”

हा निकाल एका माणसाचा, सहा फेऱ्यांचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या त्या २२ जणांना वेगळं काही दिसलं, मेरीलँडच्या रुग्णांना वेगळं. कोणाच्या रक्तात खरोखर प्रतिपिंडं असतील, कोणाचं आतडं झिजलेलं असेल, त्यांना ही वही लागू नाही. त्यांनी पथ्य सुरू करण्याआधी रक्त द्यावं, एवढं एकच मी कोणालाही हात धरून सांगेन.

३ ऑगस्ट

मनोविकारतज्ज्ञांनी आलेख बराच वेळ पाहिला. औषधाची मात्रा तीच राहील. कमी करायची वेळ येईल तेव्हा ती त्यांच्या देखरेखीखाली, सावकाश, आणि त्या काळात आहारात काही बदलायचं नाही. धाकटीने मान डोलावली. जानेवारीतला तो प्रश्न तिने या वेळी काढला नाही.

आहारतज्ज्ञांनी कांदा आणि लसूण आधी कमी करून मग थोडं थोडं परत आणायला सांगितलं आहे, किती सोसतं ते बघत. गव्हाचा पाव चालेल, शक्यतो बराच वेळ आंबवलेल्या पिठाचा, कारण आंबताना फ्रुक्टान बरंचसं खर्ची पडतं. आज सकाळी तिने एक चकती खाल्ली. दिवसभर तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, असं मी आणि आईने ठरवलं होतं. आईला ते जमलं नाही.

फेरिटिन ऑक्टोबरमध्ये पुन्हा. पुढच्या नोंदी धाकटी स्वतः लिहिणार म्हणाली. तीन रकाने तिने आखून घेतले, चौथा वाढवला: झोप.